‘नाही’ म्हणणारी मान: थ्रीडी प्रिंटिंगने शरीररचना कशी शिकवावी

मान डावी-उजवीकडे हलवून आपण ‘नाही’ म्हणतो, तेव्हा नेमकं काय कशाभोवती फिरतं? वर्गात विचारून बघा. उत्तर पाठ असतं: मानेचा पहिला मणका ॲटलास, दुसरा ॲक्सिस, आणि ॲक्सिसच्या डेन्स नावाच्या खुंटीभोवती ॲटलासचं कडं फिरतं. वाक्यात चूक काहीच नाही. आता त्याच विद्यार्थ्याच्या हातात दोन सुटे मणके द्या आणि ‘बसवून दाखव’ म्हणा. कुणी ॲटलास उलटा धरतो, कुणी डेन्स कड्याच्या मागच्या भागात घुसवतो, म्हणजे जिथून मज्जारज्जू जायला हवा नेमका तिथे. पाठ केलेलं आणि कळलेलं यांच्यातली फट अशी हातात आल्यावर दिसते.

खरी हाडं मोजकीच असतात, वापरून झिजलेली असतात, आणि त्यांना कुणी भोक पाडू देत नाही. प्रिंट केलेल्या मणक्याला भोक पाडा, दोरी ओवा, मोडला तर पुन्हा छापा. या लेखात मी ॲटलास आणि ॲक्सिस ही एकच जोडी सीटी स्कॅनपासून वर्गातल्या टेबलापर्यंत नेणार आहे. एक जोडी नीट जमली की बाकीच्या हाडांना तीच वाट आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे. स्कॅनपासून प्रिंटपर्यंत प्रत्येक टप्प्यावर खऱ्या हाडातलं काही ना काही गळतं. काय गळलं हे शिक्षकाला ठाऊक असेल तर मॉडेल कामाचं. नसेल तर मॉडेल गुळगुळीत, सुबक आणि चुकीचं शिकवतं, आणि हातात धरून शिकलेली चूक पुसायला फार कठीण जाते.

आधी प्रश्न, मग प्रिंटर

नवा प्रिंटर आला की पहिला मोह होतो तो अख्खी कवटी छापायचा. छापा हवी तर, कपाटावर छान दिसते. शिकवण्यासाठी मात्र आधी एक प्रश्न लिहून काढा, असा की ज्याचं उत्तर चित्रात दिसत नाही पण हाताला कळतं. ‘ॲटलास कशाभोवती फिरतो, आणि त्या वेळी मज्जारज्जूला धक्का का लागत नाही?’ हा तसा प्रश्न आहे. ‘हे हाड डाव्या बाजूचं की उजव्या?’ हाही. ‘मानेतून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी कवटीत शिरण्याआधी किती वळणं घेते?’ हाही.

उलट, स्नायूंचे थर एकमेकांवरून कसे सरकतात, त्यांच्यावरचं पातळ आवरण, फॅसिया, बोटांनी कसं सुटतं, चेता आणि बारीक रक्तवाहिनी यांत स्पर्शाला काय फरक लागतो, हे प्रिंट शिकवू शकत नाही. त्यासाठी डिसेक्शनच, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदनच, हवं. छापील मॉडेल डिसेक्शनच्या जागी येत नाही, त्याच्या आधी आणि नंतर येतं.

आधार म्हणून एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. मोनाश विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ५२ विद्यार्थ्यांचे तीन गट केले: एकाने हृदयाची बाह्यरचना मृतदेहातल्या हृदयांवर शिकली, दुसऱ्याने थ्रीडी प्रिंटवर, तिसऱ्याने दोन्हींवर. २०१६ मध्ये छापलेल्या निष्कर्षात प्रिंटवाल्या गटाचे गुण सर्वांत चांगले होते. हुरळून जायचं कारण नाही. अवयव एक, विद्यार्थी थोडे, आणि प्रश्न फक्त बाह्यरचनेचे. पण ‘प्लास्टिकवर शिकून काही कळत नाही’ असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याला उत्तर द्यायला एवढं पुरतं.

स्कॅन कुठून आणायचा, कसला आणायचा

हाडांसाठी सीटी. मऊ भागांसाठी, विशेषतः मेंदूसाठी, एमआरआय. आपल्या जोडीला सीटी हवा, आणि तो निवडताना चार गोष्टी बघा.

पहिली, स्लाइसची, म्हणजे स्कॅनच्या एकेका कापाची, जाडी. १ मिमी किंवा त्याहून कमी असावी. ३ किंवा ५ मिमीच्या स्लाइसमधून बनवलेल्या मणक्याला पायऱ्या पडतात. त्या नंतर घासून गुळगुळीत केल्या तरी तो गुळगुळीतपणा तुमच्या मनचा, हाडाचा नव्हे. डेन्सची उंची सुमारे १५ मिमी असते. ५ मिमीच्या स्लाइसमध्ये ती तीन कापांत संपते, त्यातून आकार काय निघणार?

दुसरी, कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचलेलं द्रव्य, नको. सीटीतली प्रत्येक छटा हाउन्सफील्ड एककात मोजतात: पाणी ०, हवा उणे १०००, कठीण हाड हजाराच्या आसपास आणि वर. हे एकक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाचं, सीटीसाठी त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत १९७९ चं नोबेल मिळालं. आता अडचण बघा. कॉन्ट्रास्ट भरलेली धमनी ३००-४०० पर्यंत चढते, आणि मणक्याच्या आतलं स्पंजी हाडही त्याच पट्ट्यात असतं. म्हणजे सॉफ्टवेअरला ‘हाड निवड’ म्हटलं की ते व्हर्टिब्रल धमनीही हाड समजून उचलतं आणि ती जिथून जाते ते भोक भरून टाकतं. जे दाखवायला मॉडेल करतोय तेच बुजतं.

तिसरी, दातांत भरलेला धातू. हे कुणी सांगत नाही आणि नवशिका इथे हमखास अडकतो. तोंड मिटून पाठीवर झोपलेल्या माणसाचे दात पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या जवळपास त्याच पातळीवर येतात. दातात धातू असेल तर त्याचे पांढरे-काळे पट्टे नेमके आपल्या मणक्यांवरून जातात. पट्टे नसलेला स्कॅन शोधायला एक तास घालवा, पुढचे पाच वाचतील.

चौथी, रुग्णाची ओळख आणि संमती. स्कॅन ज्या स्वरूपात साठवतात त्या डायकॉम फाइलच्या आत नाव, जन्मतारीख, तपासणीचा दिवस सगळं लिहिलेलं असतं. ते पुसल्याशिवाय फाइल रुग्णालयाच्या संगणकावरून हलवू नका. आणि नाव पुसलं म्हणजे झालं असंही नाही. डोक्याच्या सीटीतून त्वचेचा पृष्ठभाग काढला तर ओळखू येईल असा चेहरा उभा राहतो. म्हणून आधी मणक्यांभोवतीचा भाग कापून वेगळा करा आणि तेवढाच जपा. शिकवण्यासाठी वापरायची परवानगी संस्थेच्या नैतिकता समितीकडून लेखी घ्या. देहदानातल्या देहाचा स्कॅन असेल तर दात्याने दिलेल्या संमतीत प्रतिकृती बनवणं बसतं का, हेही विचारा. हाडाची फाइल एकदा बाहेर गेली की ती किती जणांच्या टेबलावर छापली जाईल यावर कुणाचा ताबा राहत नाही.

एवढी यातायात नको असेल तर खुला डेटा आहे. थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्येच सरावासाठी नमुना स्कॅन मिळतात. द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हमध्ये ओळख पुसलेले स्कॅन असतात. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट आहे, त्यातला पुरुषदेहाचा संच १९९४ चा आणि स्त्रीदेहाचा १९९५ चा. तयार मॉडेल हवी असतील तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं एनआयएच थ्रीडी आणि जपानचं बॉडीपार्ट्सथ्रीडी. प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. काहींत मूळ कर्त्याचं नाव द्यावं लागतं, काहींत बदल केले तर तेही त्याच परवान्याने खुले ठेवावे लागतात. तयार मॉडेलबद्दल माझा एक आक्षेप आहे: ते कुणाच्या शरीराचं, कोणत्या स्कॅनवरून, कितपत हाताने गुळगुळीत केलेलं, हे बऱ्याचदा कळत नाही. वेळ नसेल तर वापरा. पण पहिली जोडी स्वतः काढा.

सेगमेंटेशन: खरा वेळ इथे जातो

सेगमेंटेशन म्हणजे स्कॅनच्या राखाडी ढिगातून ‘हा माझा मणका’ म्हणून एक तुकडा वेगळा करणं. थ्रीडी स्लायसरमध्ये स्कॅन उघडा, क्रॉप व्हॉल्यूमने फक्त वरची मान ठेवा, मग सेगमेंट एडिटर. इन्व्हेसॅलियस आणि आयटीके-स्नॅप हेही मोफत पर्याय आहेत, तत्त्व तेच.

एक नवा सेगमेंट बनवा आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वरचं सारं हाड धरायचं तो हाउन्सफील्डचा आकडा, २०० पासून वर लावून बघा. ठिसूळ झालेल्या वयस्कर हाडात हा आकडा खाली आणावा लागतो, तरुण हाडात थोडा वर नेता येतो. आकड्यावर विसंबू नका, तिन्ही दिशांचे काप डोळ्यांनी बघा. आकडा जास्त झाला तर ॲटलासच्या मागच्या कमानीत छिद्रं पडतात, कमी झाला तर दोन मणके एकमेकांना चिकटतात. आणि चिकटणारच आहेत. सांध्यातली फट इतकी अरुंद असते की एका व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या एका बारीक घनात, थोडं हाड आणि थोडी फट असं मिश्रण होतं आणि तिथला आकडा मधेच कुठेतरी येतो.

इथे हाताने काम करावं लागतं. ॲटलास आणि ॲक्सिस दोन वेगळे सेगमेंट करा. सिझर्सने मोठे तुकडे कापा, मग बारीक ब्रशने सांध्यांच्या फटी एकेक स्लाइस बघत मोकळ्या करा. रंगवताना इंटेन्सिटी मास्क चालू ठेवा, म्हणजे ब्रश हाडाबाहेर सांडत नाही. तीन जागी विशेष लक्ष: डेन्स आणि ॲटलासची पुढची कमान यांच्यामधली फट, आणि दोन्ही बाजूंचे बाजूचे सांधे. शेवटी आयलंड्समधून सर्वांत मोठा तुकडा ठेवा, बाकीचे कण उडवा.

पहिल्यांदा या कामाला अख्खी दुपार जाते. चिडू नका. डेन्स कुठे संपतो आणि ॲटलासची कमान कुठे सुरू होते हे दोनशे स्लाइसमध्ये स्वतः ठरवल्यावर जे कळतं ते कुठल्याही व्याख्यानातून कळत नाही. म्हणूनच, शक्य असेल तर हे काम तंत्रज्ञावर न सोपवता दोन-तीन विद्यार्थ्यांना द्या. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा तास हाच, प्रिंट नंतरची गोष्ट.

आता कुणी म्हणेल, हे सगळं एआय करतं की. करतं. टोटलसेगमेंटेटर हे मोफत साधन स्लायसरला जोडता येतं आणि प्रत्येक मणका वेगळा करून देतं. पण ते स्कॅनला १.५ मिमीच्या घनांमध्ये बदलून काम करतं, त्यामुळे बारीक भोकं आणि पातळ कडा बोथट होतात. मोठ्या हाडाला चालेल. ॲटलाससाठी त्याचा निकाल कच्चा आराखडा माना आणि कडा स्वतः दुरुस्त करा.

गुळगुळीत करणं हा पुढचा सापळा. स्मूदिंगमधलं ‘क्लोजिंग’ हाडातल्या पोकळ्या बुजवायला उपयोगी, पण ३ मिमीचा आकडा दिला तर त्याहून लहान भोक ते खुशाल बुजवतं. मणक्याच्या आडव्या भागातलं, धमनी जाणारं भोक ५-६ मिमीचं असतं, ते वाचेल. पण हीच सवय कवटीच्या तळाला नेली तर फोरामेन स्पायनोसम हे तिथलं बारीक भोक गेलं समजा. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत तर कागदासारखी पातळ, ती थ्रेशोल्डमध्येच गळते, आणि छापील कवटीत तिथे मोठं भगदाड दिसतं. विद्यार्थी विचारतो, ‘हे कोणतं फोरामेन?’ ते फोरामेन नव्हे, स्कॅनची मर्यादा. हे सांगायला विसरू नका. स्मूदिंगच्या आधीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी ठेवून काय बुजलं ते मोजा.

एकक आणि डावं-उजवं

सेगमेंट एसटीएल फाइल म्हणून बाहेर काढा. हे स्वरूप १९८०च्या दशकात चक हल यांच्या स्टिरिओलिथोग्राफीबरोबर आलं आणि अजून टिकून आहे. त्यात पृष्ठभागाचे त्रिकोण असतात, बाकी काही नाही. एककही नाही! आकडे मिमीचे आहेत हा केवळ रिवाज. मीटरमध्ये काम करणाऱ्या प्रोग्राममधून फाइल गेली तर मणका हजारपट लहान होऊन छपाईच्या प्रोग्राममध्ये ठिपक्यासारखा येतो. ते लगेच लक्षात येतं. लक्षात येत नाही ती आरशातली चूक. काही सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडे मोजतात, काही उजवीकडून डावीकडे, आणि मधे गोंधळ झाला तर उजवं हाड डावं होऊन निघतं. ॲटलास जवळपास सममित, तिथे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते. मांडीच्या हाडात मात्र तुम्ही डावं हाड उजवं म्हणून शिकवत बसाल.

उपाय सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या धमनीची भोकं सहसा अगदी सारखी नसतात. स्कॅनवर मोठं कोणत्या बाजूचं ते लिहून ठेवा आणि प्रिंटवर तपासा. त्याशिवाय मॉडेलच्या न दिसणाऱ्या जागी ‘डा’ किंवा ‘उ’ आणि प्रमाण कोरा: १०० टक्के, १५० टक्के, जे असेल ते. मोठ्या वर्गासाठी दीडपट छापलं तर विद्यार्थी खरा मणका तेवढाच समजतो. प्रमाण कोरलेलं असेल तर निदान वाद होत नाही.

मेशमिक्सर किंवा ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणांच्या जाळीतली भोकं बुजवा आणि लाखो त्रिकोण कमी करून दोन-तीन लाखांवर आणा. फारच कमी केले तर सांध्याच्या पृष्ठभागावर चपटे पैलू पडतात.

छपाई

वितळवलेल्या फिलामेंटचा साधा प्रिंटर आणि पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक पुरेसं आहे. ०.४ मिमी नोझल, ०.१५ ते ०.२ मिमी थर, नोझल २००-२१० अंश, बेड ५५-६० अंश. इनफिल, म्हणजे आतला भराव, १५ टक्के, पण भिंती चार. नवशिके इनफिल वाढवतात, ताकद मात्र मुख्यतः भिंतींतून येते. शिवाय नंतर भोक पाडायचं आहे, ड्रिलला भरीव प्लास्टिक लागायला हवं. रंग हस्तिदंती किंवा फिकट राखाडी, मॅट. चकचकीत पांढऱ्यावर उंचसखल भाग दिसत नाहीत आणि सारं हाड सपाट भासतं.

दिशा हा खरा विचार करण्याचा भाग. ॲक्सिस सरळ उभा ठेवला तर डेन्स छान उभा राहतो, पण थर डेन्सला आडवे येतात. थरांमधली पकड कमजोर, आणि डेन्स तळाशी टक् करून मोडतो. गंमत अशी की खऱ्या माणसात डेन्सचं सर्वांत सामान्य फ्रॅक्चर, अँडरसन-डी’अलॉन्झो वर्गीकरणातला दुसरा प्रकार, नेमकं याच जागी असतं. कारण वेगळं, जागा तीच. म्हणून ॲक्सिस सुमारे ४५ अंश तिरपा करा, थर डेन्सला तिरके जातील. ॲटलासही तिरपाच.

सपोर्ट, म्हणजे छापताना लोंबत्या भागांना दिलेले टेकू, झाडासारखे घ्या आणि सांध्याच्या पृष्ठभागावर येणार नाहीत असे अडवा. सपोर्टचे व्रण सांध्यावर पडले की विद्यार्थी त्यांना हाडाची खूण समजतो. मागच्या कमानीवर आणि मणक्याच्या खालच्या भागावर व्रण चालतात, पक्कडने काढून बारीक सँडपेपरने घासा. अंतिम प्रिंटच्या आधी जाड थरांचा एक कच्चा प्रिंट काढून चूक शोधा. मग कॅलिपरने ॲटलासची रुंदी मोजा, प्रौढात ती साधारण ७-८ सेंमी असते. स्कॅनवरच्या मापाशी ती जुळली पाहिजे.

द्रव रेझिन वापरणारा प्रिंटर बारीक तपशील देतो, पण न पिकलेलं रेझिन त्वचेला ॲलर्जी करतं. नायट्राइल हातमोजे, हवेशीर खोली, अल्कोहोलमध्ये धुणं, मग अतिनील प्रकाशात पिकवणं, हे सगळं लागतं. मणक्यासाठी ती धावपळ नको. कानाच्या आतल्या हाडांसाठी ती वाया जात नाही.

जोडणी: सीटीत न दिसलेलं परत आणायचं

दोन्ही मणके एकावर एक ठेवून बघा. नीट बसत नाहीत ना? प्रिंटरला दोष देऊ नका. सांध्याच्या पृष्ठभागावरची कूर्चा सीटीच्या थ्रेशोल्डमध्ये येत नाही, म्हणून तेवढी जाडी गायब आहे. बाजूच्या सांध्यांवर १ मिमी जाडीचं फेल्ट चिकटवा. विद्यार्थ्यांसमोरच चिकटवा, म्हणजे ‘हाड’ आणि ‘सांधा’ यातला फरक न सांगता कळतो.

आता डेन्सला मागून धरून ठेवणारं ट्रान्सव्हर्स लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा. ॲटलासच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागांच्या आतल्या अंगाला दोन उंचवटे असतात, हे लिगामेंट त्यांच्यावर बांधलेलं असतं. तिथे २ मिमीचं भोक हाताच्या ड्रिलने पाडा. वेगात फिरणाऱ्या ड्रिलने पीएलए वितळून चिकटतं. मग त्यातून काय ओवायचं? रबरबँड लावायचा मोह होतो. लावू नका. हे लिगामेंट जवळपास ताणलंच जात नाही, आणि रबर लावलंत तर मुलं आयुष्यभर ते लवचीक समजतील. साधी सुती नाडी घ्या आणि घट्ट बांधा.

नाडीच्या मागे मज्जारज्जू: बोटाएवढ्या जाडीची, सुमारे १ सेंमी व्यासाची मऊ दोरी. मग लाल सिलिकॉन नळी, व्हर्टिब्रल धमनी. ती ॲक्सिसच्या भोकातून वर येते, बाहेर झुकते कारण ॲटलासचं भोक अधिक बाहेरच्या बाजूला आहे, त्यातून वर जाते, आणि मग ॲटलासच्या मागच्या कमानीवरच्या खोबणीतून आत वळते. ही खोबण प्रिंटमध्ये दिसत नसेल तर स्मूदिंग जास्त झालं आहे. परत जा.

या मॉडेलचं एक खोटं आधीच मान्य करून टाका. ते हवं तेवढं फिरतं. खऱ्या मानेत ॲटलास-ॲक्सिस सांधा एका बाजूला सुमारे ४० अंश फिरतो, मानेच्या एकूण फिरण्यापैकी जवळपास निम्मं तिथेच होतं. पुढे अडवतात ती एलार लिगामेंट्स, आणि ती डेन्सपासून कवटीच्या तळाला जातात. आपण कवटी छापलीच नाही. ही उणीव लपवू नका, तिचा प्रश्न करा.

वर्गातली चाळीस मिनिटं

चार-पाच जणांमागे एक संच. याहून मोठा गट केला की दोघं हाताळतात, बाकीचे बघतात.

सुरुवात कापडी पिशवीत हात घालून: न बघता कोणता ॲटलास, वरची बाजू कोणती, पुढची कोणती. ॲटलासला मणक्याचं शरीर, म्हणजे पुढचा भरीव भाग, नसतंच, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण पिशवीतलं कडं चाचपताना चेहऱ्यावर जो गोंधळ येतो तो बघण्यासारखा. पाच मिनिटं पुरे. मग मणके बाहेर, नाडी न बांधता जोडणी. दोरी कुठे आणि डेन्स कुठे हे त्यांनाच ठरवू द्या, चूक झाली तरी लगेच बोलू नका. दोरीला जागा उरली नाही की ते आपोआप डेन्स पुढे सरकवतात.

मग कड्याच्या आतली जागा मोजायला सांगा. स्टील यांचा तिसऱ्या हिश्शाचा नियम इथे हातात मोजता येतो: ॲटलासच्या पातळीवर साधारण एक तृतीयांश जागा डेन्सची, एक तृतीयांश मज्जारज्जूची, एक तृतीयांश मोकळी. कॅलिपर द्या आणि आकडे फळ्यावर लिहायला लावा. नियमाशी तंतोतंत जुळणार नाहीत, आणि तो गोंधळही शिकवण्याजोगा आहे, कारण हा एका माणसाचा मणका आहे.

त्यानंतर नाडी बांधा, मान फिरवा, लाल नळी कशी ताणली जाते ते बघा. ‘आता कात्रीने नाडी कापा आणि डोकं पुढे वाकल्यासारखा ॲटलास पुढे झुकवा.’ ॲटलास पुढे सरकतो, डेन्स दोरीवर चेपतो. संधिवातात हे लिगामेंट सैल पडलेल्या रुग्णाची मान भूल देताना इतक्या जपून का हाताळतात, याचं उत्तर तिथेच टेबलावर पडलेलं असतं. इथे बोलू नका, अर्धा मिनिट शांत राहा.

शेवटची दहा मिनिटं पडद्यावर मूळ सीटी. हातातला मणका धरून ‘हा काप मॉडेलमध्ये कुठून गेला?’ असं विचारत जा. हा भाग घाईत गाळला जातो आणि तोच गाळू नये. पुढे रुग्णालयात विद्यार्थ्याला प्लास्टिक मिळणार नाही, काप मिळणार आहेत. दोन आठवड्यांनी न सांगता एक प्रश्न टाका: न बघता जोडीचं वरून दिसणारं चित्र काढा आणि नाडी कुठे ते दाखवा.

पुढची मॉडेल

हृदयाला हात घालाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉन्ट्रास्ट सीटीत थ्रेशोल्ड लावला की मिळतो तो रक्ताचा साचा, हृदय नव्हे. त्याभोवती सॉफ्टवेअरने २ मिमीचं कवच चढवलं तर पोकळ, सुंदर हृदय छापून येतं, आणि डाव्या-उजव्या जवनिकांच्या भिंती सारख्याच जाडीच्या होतात. खरी डावी भिंत सुमारे १० मिमी, उजवी ३-४ मिमी. हा फरकच शिकवायचा असेल तर बाहेरची सीमाही हाताने काढावी लागते, तिथे सोपी वाट नाही. झडपा तर बहुधा दिसतच नाहीत.

कानातल्या हाडांना साधा सीटी अपुरा. स्टेपिस जेमतेम ३ मिमीचं, त्यासाठी मायक्रो-सीटीवरून केलेलं मॉडेल शोधा आणि दसपट छापा. मेंदूसाठी १ मिमीचा टी-वन प्रकारचा एमआरआय आणि फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर, रात्रभर चालू ठेवा.

मॉडेल जपायची पद्धत: पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका आणि वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये तर मुळीच नाही. थरांच्या खाचांत घाम-मळ साठतो, अल्कोहोलने पुसत जा. सुटे भाग जोडायला चुंबक वापरले असतील तर ते पक्के चिकटलेत का ते बघा, लहान मुलांच्या हाताशी सुटे चुंबक नकोत. प्रत्येक संचासोबत एक कागद ठेवा: स्कॅन कुठला, स्लाइस किती, थ्रेशोल्ड किती, काय हाताने काढलं, काय गळलं. नवीन शिक्षक आला की त्याला आधी तो कागद वाचू द्या.

आणि तिरपा छापूनही डेन्स कधीतरी मोडेलच. झटपट गोंदाने चिकटवता येतो, पण एक संच मोडलेलाच राहू द्या. फ्रॅक्चरच्या धड्याला तो लागतो.